मांजराला शेरवानी

ईदची नमाज आटोपून घरी यावं, शीरखुर्म्याची वाटी हातात घ्यावी आणि मोबाईल उघडावा, तर गेली काही वर्षं शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात एक फोटो हमखास सापडतो. कुणाच्या तरी घरातलं मांजर. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात इवलीशी शेरवानी, गळ्यात मोत्यांची माळ. खाली ‘ईद मुबारक’. आपण हसतो आणि पुढे पाठवतो. बकरी ईदला पुन्हा तेच. हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. शेजारी गणपतीत मांजराला फेटा बांधतात, नाताळात लाल टोपडं घालतात, अमेरिकेत हॅलोविनला वटवाघळाचे पंख लावतात. मांजर तेच, निमित्त बदलतं.

मीही असे फोटो पुढे पाठवले आहेत. २०२४ च्या रमजान ईदला तर असा एक फोटो आमच्याच घरातून निघाला आणि तो काढताना मोबाईल माझ्या हातात होता. त्यामुळे हा लेख दुसऱ्या कुणाला शहाणपण शिकवण्यासाठी नाही. आमच्या घरी काय झालं ते सांगतो, त्यानंतर जे विचारलं, वाचलं, समजलं ते सांगतो आणि माझं मत मांडतो. पटलं तर घ्यावं.

आमच्या घरी मलई नावाची मांजरी आहे. जात-बित काही नाही, गल्लीतलीच. एका पावसाळ्यात जिन्याखाली भिजत बसली होती, तिथून माझ्या भाचीने उचलून आणली. भाची तेव्हा सात वर्षांची होती. त्या दिवसापासून दोघी एका गादीवर झोपतात. २०२४ ला सोलापुरात विजापूर वेशीतून भाच्याच्या शेरवानीचं कापड आणलं होतं. शिवून झाल्यावर जो तुकडा उरला, त्यातून आमच्या टेलरचाचांनी हौसेने मलईसाठी शेरवानी शिवून दिली. काठाला सोनेरी गोटा, पुढे बटणांच्या जागी तीन मणी, आणि सोबत एक टोपी, तिला हनुवटीखालून घालायचं इलॅस्टिक. पैसेसुद्धा घेतले नाहीत त्यांनी. त्या शेरवानीत वाईट हेतू असा एका धाग्याएवढाही नव्हता. प्रेमच होतं सगळं.

११ एप्रिलची सकाळ. सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे वेगळं सांगायला नको. भाचीने मलईला मांडीवर घेऊन शेरवानी घातली, टोपी चढवली, वर थोडं अत्तरही लावलं. मलई आधी दोन पावलं मागे सरकली, मग एका कुशीवर धपकन पडली आणि तशीच पडून राहिली. सगळे खो-खो हसले. बहीण म्हणाली, “बघ, किती शांत बसली शहाणी!” मी व्हिडिओ काढला. अम्मी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, “छोड़ो रे उसकू, बेजुबान है बिचारी.” आम्ही ऐकलं नाही असं नाही. “हां अम्मी, सोडतो,” म्हणालो. तेवढ्यात दारात पाहुणे आले. गळाभेटी सुरू झाल्या, ईदी वाटली गेली, आणि मलई आतल्या खोलीत शेरवानीसकट तशीच राहून गेली.

तासाभराने भाचीला आठवण झाली. मलई कपाटाखाली सापडली. टोपी निघाली होती, पण इलॅस्टिक खालच्या जबड्यात अडकलं होतं. शेरवानीच्या एका बाजूचा गोटा कुरतडलेला होता. इलॅस्टिक सोडवलं, शेरवानी काढली, दूध दिलं, विषय संपला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मलईने खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. बहिणीने तिचं तोंड उघडून पाहिलं तर जिभेच्या मुळाशी एक सोनेरी धागा गुंडाळलेला दिसला. ती तो ओढायला निघाली होती. त्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला हे आमचं नशीब. डॉक्टर ओरडलेच, “ओढू नका! कापूही नका! तशीच घेऊन या.”

मला हे तेव्हा अजिबात माहीत नव्हतं, आणि मांजर पाळणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोकं घशाच्या दिशेने वळलेली असतात. मांजर चाटताना आपल्याला जो खरखरीत स्पर्श लागतो तो त्यांचाच. दोरा, जर, लोकर, इलॅस्टिक असं काही जिभेवर आलं, की मांजराला ते सहजी थुंकता येत नाही. ते आत आतच जात राहतं. धाग्याचं एक टोक जिभेला अडकलं आणि दुसरं आतड्यात पोहोचलं, की आतडं तो धागा पुढे ढकलायला बघतं. धागा हलत नाही, मग आतडंच त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा गोळा होतो, तसं. ताणलेला धागा मग आतड्याला आतून कापू लागतो. अशा वेळी बाहेरून ओढलं तर ही कापाकापी आपण स्वतःच्या हाताने करतो.

मलईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गोट्याचा तो तुकडा बाटलीत घालून दाखवला, माझ्या वितीपेक्षा लांब होता. मलई वाचली. ईदचा आनंद, चार दिवसांची झोप आणि बरेचसे पैसे गेले, ते जाऊ द्या. माझ्या मनात जे राहिलं आहे ते भाचीचं एक वाक्य. दवाखान्याच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, “मामू, उसकू नको था तो वो बोली क्यों नई?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. बऱ्याचदा पाहिला. आणि माझ्या लक्षात आलं की मलई पहिल्या सेकंदापासून बोलत होती. कान मागे चपटे झालेले. शेपटी अंगाखाली घेतलेली. डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्या. पाठीची कातडी मध्येच थरथरते आहे. जीभ दोन-तीनदा नाकावरून फिरते. आणि शेवटी ते कुशीवर पडणं, ज्याला आम्ही शांतपणा म्हणालो. डॉक्टरांनी सांगितलं, अंगाभोवती अनोळखी घट्ट काही आलं की पुष्कळ मांजरं अशी गोठून जातात. पळता येत नाही, लढता येत नाही, मग हलायचंच नाही. ज्या व्हिडिओला घरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त हसू मिळालं, तो घाबरलेल्या जनावराचा व्हिडिओ होता.

मांजराचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, हा आपला दोष आहे, त्याचा नाही. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराची वेदना चेहऱ्यावरून ओळखण्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती पाच गोष्टी बघते: कान कसे आहेत, डोळे किती मिटलेले आहेत, तोंडाजवळचा भाग ताणलेला आहे का, मिशा कशा आहेत आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली गेलं आहे. गंमत बघा, आपण जी टोपी, जो फेटा, जो चष्मा मांजराला घालतो तो नेमका या पाचांतल्या तीन-चार गोष्टी झाकतो. म्हणजे ज्या अवयवांनी ते बोलतं, तेच आपण बांधून ठेवतो आणि वर म्हणतो, बघा, काही बोलत नाही.

कपडा मांजराला इतका का खुपतो, हेही समजून घेतलं पाहिजे. माणसाला अंगभर घाम येतो. मांजराला तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांना येतो. उकडलं की मांजर अंग चाटतं, आणि ती ओल वाळताना त्याला गार वाटतं. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८-३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यावर स्वतःचा केसांचा कोट, त्यावर आपला सॅटिनचा कोट, वर एप्रिलचं ऊन. अंग झाकलं म्हणजे चाटायची सोय गेली. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते आपण रोज बघतो, पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ती धोक्याची खूण आहे. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना तर एरवीच श्वासाचा त्रास असतो, आणि आजकाल हौसेने पाळलेली पुष्कळ मांजरं पर्शियन असतात.

दुसरं म्हणजे मिशा आणि कान. मिशांच्या मुळाशी इतक्या नाजूक संवेदना असतात की अंधारात, अरुंद जागेत मांजर त्यांच्या भरवशावर चालतं. कान फिरवायला त्याच्याकडे तीसहून जास्त स्नायू आहेत आणि आपल्याला ऐकूच येत नाहीत असे वरच्या पट्टीतले आवाज ते ऐकतं. त्याच्या कानापासून दोन बोटांवर आपण घुंगरू बांधतो. पावलागणिक तो आवाज. आपल्या कानाशी कुणी दिवसभर थाळी वाजवत राहिलं तर आपण काय करू?

माणसाला मांजराचं हे नटवणं मोबाईलने शिकवलं असं मला वाटायचं. तसं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात हॅरी व्हिटियर फ्रीस नावाचा एक फोटोग्राफर होऊन गेला (१८७९-१९५३). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांजराच्या पिल्लांना फ्रॉक, टोपडी घालून, चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना दाखवणारी त्याची पोस्टकार्डं फार खपली. पण हा धंदा करणारा माणूस वर्षातले साधारण तीनच महिने फोटो काढायचा, कारण या कामाने त्याच्या डोक्याला फार ताण व्हायचा. काढलेले बरेचसे फोटो वाया जायचे. पिल्लू एका सेकंदाच्या पाचव्या भागापुरतं स्थिर राहिलं तरी त्याला पुरे होतं, आणि तेवढंही मिळवणं अवघड होतं.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये, ससेक्समधल्या ब्रॅम्बर गावात, वॉल्टर पॉटर नावाच्या माणसाने १८९० च्या सुमारास ‘मांजरांचं लग्न’ मांडलं. सुमारे वीस पिल्लं, नवरी झिरझिरीत वेषात, वऱ्हाडी दागिने घालून. त्यात एकही पिल्लू हलत नाही, एकाचीही टोपी वाकडी होत नाही. कारण ती सगळी मेलेली, पेंढा भरलेली आहेत. मी त्याचं चित्र पाहिलं आणि मला आमच्या व्हिडिओतली मलई आठवली. आपल्याला फोटोसाठी जसं मांजर हवं असतं, अगदी न हलणारं, तसं जिवंत मांजर नसतंच.

आता दुसरी बाजू. जपानमध्ये वाकायामा भागात किशी नावाचं एक लहान स्टेशन आहे. तोट्यातल्या त्या रेल्वेमार्गावर २००७ मध्ये तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं. तिच्या मापाची टोपी करून घेतली. तिला बघायला लोक लांबून येऊ लागले. २०१५ मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीला मोठी गर्दी झाली. तामा त्या स्टेशनजवळच वाढलेली होती, माणसांना सरावलेली होती, आणि तिची टोपी तिच्या डोक्याचं माप घेऊन बेतलेली होती. अंगावर काहीतरी सहन करणारी मांजरं असतात, हे मी नाकारत नाही. आपलं मांजर त्यांतलं आहे की नाही, हे मात्र मांजराला विचारून ठरवायचं असतं.

मांजराचा विषय निघाला की आपल्या घरांत धर्माचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. “मांजर पाळणं सुन्नत आहे,” असं म्हणून कौतुकाने सांगणारे पुष्कळ आहेत. मांजराला जवळ करणारी परंपरा आपल्याकडे आहेच. सर्वांत जास्त हदीस ज्यांनी सांगितल्या त्या सहाबींना जग अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचे वडील, याच टोपणनावाने ओळखतं. अबू कतादा (र.) यांनी वजूच्या पाण्याचं भांडं मांजरीसाठी कलतं केल्याची हदीस आहे. मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीच आहे, असा प्रेषितांच्या (स.) सांगण्याचा आशय त्यात येतो. येणारं-जाणारं, या शब्दाकडे लक्ष द्या. म्हणजे त्याला स्वतःचं येणं-जाणं आहे, स्वतःची मर्जी आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली दुसरी हदीस सगळ्यांना ठाऊक असते: एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन खाऊही दिलं नाही, ते मेलं, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. तिने मांजराला मारहाण केली नव्हती. तिने त्याची वाट अडवली आणि मग ती त्याला विसरून गेली. आम्हीही मलईची वाट अडवली होती आणि पाहुणे आल्यावर विसरून गेलो होतो. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट मिलादच्या भाषणांत आणि मोबाईलवर फार फिरते. नमाजला निघताना अंगरख्याच्या बाहीवर मांजर झोपलेलं होतं, त्याची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी (स.) बाहीच कापली, अशी ती गोष्ट. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. बाराव्या शतकातले सूफी संत अहमद अल-रिफाई यांच्याबद्दलही हीच गोष्ट सांगितली जाते. तेव्हा तिला हदीस म्हणून पुढे पाठवू नये. पण लोकांनी शेकडो वर्षं ती जपली, कारण मांजरावर प्रेम कसं असावं याची त्यांची कल्पना तिच्यात आहे. त्या गोष्टीत मांजराच्या आरामासाठी कापड कापलं जातं. आम्ही कापडाच्या हौसेसाठी मांजराचा आराम कापला.

याचा अर्थ मांजराला कधीच काही घालू नये असं माझं मत आहे का? नाही. कारण ज्या मलईला मी शेरवानीत पाहिलं, तिलाच ऑपरेशननंतर बारा दिवस कपडा घालावा लागला. टाके चाटू नयेत म्हणून आधी गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा होता. त्याने ती भिंतींना धडकायची, पाणी पिता यायचं नाही. मग डॉक्टर म्हणाले, जुन्या सुती टी-शर्टची बाही कापा, चार पायांना चार भोकं पाडा, मागचा भाग शी-शूसाठी मोकळा ठेवा. पहिल्या दिवशी ती त्यातही कुशीवर पडली. या वेळी कुणी हसलं नाही. भाचीने तिच्याजवळ बसून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे एकेक करून दिले. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली, तिसऱ्या दिवशी खिडकीत चढली. केस नसलेल्या स्फिंक्स जातीच्या मांजरांना थंडीत कपडा लागतोच. आजारी, म्हाताऱ्या मांजराला लागू शकतो. ज्या कपड्याचा उपयोग मांजराला आहे, तो शिकवावा आणि घालावा.

आणि निव्वळ हौसेचा? मी म्हणतो, टाळलेला बरा. अमेरिकेतली एएसपीसीए ही १८६६ पासून प्राण्यांसाठी काम करणारी संस्थासुद्धा हॅलोविनच्या वेळी हेच सांगते, की तुमच्या प्राण्याला वेष आवडतो अशी खात्री असल्याशिवाय घालू नका. पण घरातली मुलं ऐकत नाहीत, हौस दांडगी असते, हे मी जाणतो. म्हणून, घालणारच असाल तर निदान एवढं पाळा.

सगळ्यात साधं म्हणजे गळ्यात सैल बांधलेला सुती रुमाल. कापड आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि ओढ बसली तर तो चटकन सुटला पाहिजे. गच्च गाठ नको. त्यापेक्षा जास्त काही हवं असेल तर पाठीवर पसरता येईल असा हलका कपडा. चारही पाय, शेपटी, कान, डोळे आणि मिशा मोकळ्या हव्यात. टोपी नको, मुखवटा नको. इलॅस्टिक, गोटा, जर, टिकल्या, मणी, बटण, नाडी, घुंगरू यांतलं काहीही नको. दाताने जे तुटेल ते पोटात जाईल असं धरूनच चाला.

नवा कपडा थेट अंगावर चढवू नका. आदल्या चार-पाच दिवसांपासून तो मांजराच्या झोपायच्या जागेवर टाकून ठेवा. त्याला हुंगू द्या, त्यावर लोळू द्या. मग एखाद्या दिवशी नुसता पाठीवर ठेवा, आवडीचं काही खायला द्या आणि उचलून घ्या. मांजर खायला तयार नसेल, निघून जात असेल, तर ते त्याचं उत्तर आहे. तिथेच थांबा. ईदची चांदरात ही पहिली तालीम घ्यायची वेळ नव्हे.

घातलाच, तर पाच मिनिटांच्या वर नाही. तेवढा वेळ एका मोठ्या माणसाची नजर फक्त मांजरावर हवी. फोटो काढणारा वेगळा, लक्ष ठेवणारा वेगळा. गॅलरी आणि दार बंद, घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू होण्याआधी. कपड्यात घाबरून पळालेलं मांजर ग्रीलच्या खिळ्याला, झाडाच्या फांदीला अडकू शकतं. घरात दुसरं मांजर असेल तर त्याला त्या वेळी लांब ठेवा. बदललेला आकार आणि वास बघून ते आपल्याच सोबत्यावर धावून जाऊ शकतं. कान चपटे झाले, शेपटी आपटू लागली, मांजर जमिनीला चिकटून चालू लागलं किंवा हलायचंच थांबलं, की कपडा लगेच काढा. निघत नसेल तर डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. कपड्याची किंमत मांजरापेक्षा जास्त नाही. लहान पिल्लू, गाभण मांजरी, म्हातारं किंवा आजारी मांजर यांच्यावर तर हा प्रयोगच नको, आणि उन्हाळ्यात कुणावरच नको.

अत्तर, मेंदी आणि सुरमा यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण ईदच्या घरात हे तिन्ही हाताशी असतात आणि मुलं मांजरालाही ‘तयार’ करतात. मांजर अंगावर लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. अत्तरांतली सुगंधी तेलं मांजराच्या यकृताला आपल्यासारखी पचवता येत नाहीत, ती त्याला विषासारखी बाधू शकतात. लवकर रंगणाऱ्या काळ्या मेंदीत तर रसायनंच असतात. मांजराला यातलं काहीही लावू नये.

काही जण म्हणतील, माणसांना अंगभर कपडा नाही आणि हे मांजराच्या शेरवानीवर लेख लिहितायत. त्यांचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. नुसत्या हौसेपायी एकदाच वापरायच्या कपड्यांवर पैसे घालवणं ही उधळपट्टीच आहे. त्या पैशांत गल्लीतल्या एका मांजरीची नसबंदी व्हायला हातभार लागेल. पण मुक्या जनावराचा विचार हा माणसाचा विचार बाजूला सारून होतो, असं मला वाटत नाही. जो मुलगा मांजराचे चपटे कान वाचायला शिकतो, तो वर्गातल्या गप्प बसलेल्या पोराचा चेहराही वाचायला शिकतो. ‘तो काही बोलला नाही, म्हणजे त्याला चालत होतं’, हे वाक्य आपण किती ठिकाणी वापरतो ते आठवून बघा. सगळे हसत असताना एखादा गप्प झाला, तर तो मजेत आहे असं समजण्याची सवय घरातच लागते, आणि सुटायची असेल तर घरातच सुटते.

आणखी एक भीती आहे. कपडा चढवताना घाबरलेल्या मांजराने मुलाला ओरबाडलं, तर शिक्षा मांजराला होते. “चावरं आहे,” म्हणून पोत्यात घालून लांबच्या बाजारात सोडून दिलेली मांजरं मी पाहिली आहेत. चूक आपली, आणि घर सुटतं त्याचं.

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकला. काहींनी तोपर्यंत पुढे पाठवला होता, तो अजून कुठेतरी फिरत असेल. तुमच्याकडे आला तर हसण्याआधी मलईचे कान बघा. टेलरचाचांना झालेलं सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला सांगायला पाहिजे होतं, मी गोटा लावला नसता.” त्यांना काय सांगणार, आम्हालाच माहीत नव्हतं.

पुढच्या ईदलाही भाचीने मलईचा फोटो पाठवला. तिच्या नव्या घागऱ्याचं रिकामं खोकं जमिनीवर पडलेलं होतं, मलई आपणहून त्यात जाऊन बसली होती. अंगावर काही नाही, कान ताठ, डोळे अर्धे मिटलेले. अम्मीने तो फोटो चष्मा लावून दोनदा पाहिला आणि म्हणाली, “अब दिखती ईद की.”